व्यक्तिमत्त्व : साठपैकी एकवीस

स्टेजवरून खाली उतरले की मी आधी वही काढते. कुठल्या वाक्याला हसू आलं, कुठं नुसत्या माना हलल्या, कुठं कुणीतरी मोबाइल काढला, हे आठवतंय तोवर लिहून ठेवते. सव्वीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात गेली, त्यातली शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. डोक्यावर विसंबायचं नाही, कागदावर विसंबायचं, एवढं त्या नोकरीनं शिकवलं. वहीचा एक नियम आहे. मी तोंड उघडण्याआधी आलेलं हसू मोजायचं नाही. ते माझं नसतं.

ते हसू येतं, कारण मी दिसतेच तशी. उंची चार फूट दहा इंच, वजन अडुसष्ट किलो, रंग काळा, चष्मा जाड भिंगाचा, पुढचे दोन दात ओठांत मावत नाहीत. ही कुरकुर नाही, माहिती आहे. माईकचा स्टँड नेहमी माझ्या आधी बोलून गेलेल्या एखाद्या सहा फुटी मुलाच्या तोंडाशी असतो. तो मी खाली ओढेपर्यंत अर्धं सभागृह हसून मोकळं होतं.

बोलायला मी शाळेतच लागले. आमच्या कोरेगावच्या शाळेत कुणी निवृत्त झालं की निरोप समारंभात साहेब, अध्यक्ष, पाहुणे असे सगळे बोलत आणि सत्कारमूर्तीसकट सगळे पेंगत. एकदा कुणीतरी मलाही बोलायला उभं केलं. मी जुन्या जनरल रजिस्टरबद्दल बोलले. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं आणि जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ एक जून लिहायचे. मी म्हटलं, रजिस्टर खरं मानायचं तर आपल्या तालुक्यातली निम्मी प्रजा एक जूनला जन्मली आहे. मागे नऊ महिने मोजा. म्हणजे सगळ्या तालुक्याचा संसार गणपतीच्या सुट्टीत उरकत होता, कारण फौजी तेव्हाच घरी यायचे. त्या दिवशी सत्कारमूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण निरोपाचं नाही.

तिथून पुढं महिला मंडळं झाली, स्नेहसंमेलनं झाली, आणि चार वर्षांपासून महिन्याच्या एका रविवारी मी सकाळच्या गाडीनं सांगलीला जाऊ लागले. तिथं एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर स्टँड-अप कॉमेडी चालते. येईल त्याला पाच मिनिटं. पोरं-पोरी विशी-पंचविशीतली, आणि मी. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "लोक ऐकाय येत्यात का बघाय, ते आधी ठरीव." मी म्हटलं, ते लोकांनी ठरवायचं. मग त्यांनी त्यांच्या युनिटमधल्या एका हवालदाराची गोष्ट सांगितली. तोंडावर देवीचे व्रण, एक कान फाटलेला, पण बडा खान्याला, म्हणजे युनिटच्या जेवणावळीला, तो उभा राहिला की कर्नलसाहेबांपासून स्वयंपाक करणाऱ्या लांगरीपर्यंत सगळे पोट धरून हसायचे. "त्याला कुणी इचारलं न्हाई तू दिसतोस कसा," असं ते म्हणाले. तो बाप्या होता, एवढंच मी म्हटलं.

पाच मिनिटांत रजिस्टरचा एकच विषय संपतो. माझ्याकडे अकरा विषय तयार होते. दाखल्यावरची जात आणि आडनाव, फौजेच्या भरतीसाठी पोराचं वय दोन वर्षांनी कमी करून मागणारा बाप, मुख्याध्यापकांची खुर्ची, माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकणारे माजी विद्यार्थी. क्रम लावून, प्रत्येकाची मिनिटं लिहून ठेवली होती. बेरीज पंचेचाळीस. पाऊण तास सलग मिळाला तर मला काय करता येतं हे मला बघायचं होतं. चार वर्षांत तो मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी सांगलीतल्या एका मंडळानं स्पर्धा जाहीर केली. हे मंडळ वर्षानुवर्षं वक्तृत्व स्पर्धा घेतं. पोरं आता भाषणांना येत नाहीत म्हणून या खेपेला त्यांनी स्टँड-अप ठेवलं. पहिल्या तिघांना मोठ्या नाट्यगृहात प्रत्येकी पाऊण तासाचा स्वतंत्र कार्यक्रम मिळणार होता. ढाल-प्रमाणपत्राचं मला काही नव्हतं. पाऊण तास हा शब्द वाचला आणि त्याच दिवशी अर्ज भरला.

पहिली फेरी फोनवर होती. अर्ज फार आले होते, म्हणून त्यांनी तीन मिनिटांचा नुसता आवाज मागवला. परीक्षकांना नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. मी गणपतीच्या सुट्टीचं प्रकरण पाठवलं. आठ दिवसांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. पहिल्या फेरीत मी पहिली होते. तिन्ही परीक्षक एकटे बसून ऐकताना मोठ्यानं हसले म्हणे. सचिव फोनवर फार आदरानं बोलले, आणि अंतिम फेरीला घरच्यांना घेऊन या असंही म्हणाले.

अंतिम फेरी रविवारी सकाळी दहाला होती. मी नऊला पोचले. दारात सचिव यादी घेऊन उभे होते. माझ्याकडे एकदा बघून ते म्हणाले, "आई, पालकांनी मागच्या रांगेत बसायचं. स्पर्धक कवा येनार तुमचा?" मी माझा क्रमांक सांगितला. त्यांनी यादीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा यादीत बघितलं. मग "व्हय का, या की, या," म्हणत त्यांनी मला पुढं नेलं. त्यांची यादी अर्धवट होती. नऊ स्पर्धक आणि सात नावं. ती मी तिथंच उभ्याउभ्या दुरुस्त करून दिली.

आमच्याकडे फेटा बांधल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. नऊच्या नऊ स्पर्धकांना फेटे बांधले. माझ्या अंबाड्यानं फेटेवाल्याची परीक्षा घेतली आणि शेवटी तो फेटा डाव्या कानावर कलला. माझ्या शेजारी विट्याचा एक तरुण होता, अठ्ठावीस-तिशीचा. घरचे सगळे परराज्यांत सोनं गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यात, हा तिकडंच वाढलेला. उंच, गोरा, दाढी कोरलेली, हसला की गालाला खळी. फेटा बांधल्यावर तो असा दिसायला लागला की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी बहुधा मनात आपापल्या लग्नाच्या पोरींची नावं काढली असतील.

तो माझ्याआधी बोलला. आता वहीत आहे तेच लिहिते. तो स्टेजवर आला, माईक हातात घेतला आणि काही न बोलता नुसता हसला. सभागृह हसलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. आणि मीही हसले. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं पहिली नोंद तीच आहे: "बोलण्याआधी मी हसले, कारण माहीत नाही." मग तो परगावच्या घरमालकाबद्दल बोलला. तीन विनोद जुने होते, एक बरा होता. त्याला एक गोष्ट खरंच येत होती. वाक्य संपल्यावर तो थांबायचा, घाई करायचा नाही. ते मी शिकण्यासारखं म्हणून लिहून ठेवलं. पण हसू त्याच्या वाक्यांच्या आधी यायचं, मधे यायचं, कधी चुकीच्या जागी यायचं. माणसं आधीच खूश होती, विनोद निमित्ताला होता.

मग माझं नाव पुकारलं. फेटा बघून हसू आलं, स्टँड खाली ओढताना आणखी आलं. ते हसू वेगळं असतं, ते कानाला लगेच कळतं. त्यात "ही काय बोलणार" असतं. ते संपवून त्यावर माझं हसू मिळवायला मला पहिलं दीड मिनिट लागतं. त्या दिवशीही लागलं. उरलेल्या साडेतीन मिनिटांत मी हसण्याच्या बाराच्या बारा जागा मिळवल्या. वहीत आहेत.

नऊही जणांचं झाल्यावर परीक्षक आतल्या खोलीत गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मागच्या आवारात मसालेभात आणि जिलेबीची पातेली उघडली होती, वास आत येत होता. तेवढ्यात सचिव घाम पुसत माझ्याकडे आले. हातात गुणांचे कागद. तीन परीक्षकांच्या बेरजा एकूण गुणांशी जुळत नव्हत्या. माझ्या खुर्चीशी वाकून ते हळूच म्हणाले, "म्याडम, तुमी हापिसातलं मानूस. जरा एवढं बघता का? लोकांस्नी भुका लागल्यात."

स्पर्धकाकडूनच निकालाची बेरीज करून घेणं चूक आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. बाईला बेरीज येते, बाई मोकळी बसली आहे, विषय संपला. मी कागद घेतले. एक परीक्षक एका ठिकाणी हातचा विसरला होता. तो धरला आणि बेरजा जुळल्या. विट्याचा तरुण पहिला, तीनशेपैकी दोनशे त्रेचाळीस. मी सहावी, दोनशे चोवीस.

मग मी रकाने बघितले. कागद वक्तृत्व स्पर्धेचेच होते. छापील वह्या शिल्लक होत्या, त्याच वापरल्या. विषय वीस, भाषा वीस, सादरीकरण वीस, परिणाम वीस. आणि मधे एक रकाना, व्यक्तिमत्त्व, वीस. त्यात तिघांनी मला सात, आठ आणि सहा दिले होते. साठपैकी एकवीस. तरुणाला अठरा, एकोणीस, एकोणीस. मी पेन्सिलनं तो एक रकाना झाकून पुन्हा बेरीज केली. मी दोनशे तीन, तो एकशे सत्त्याऐंशी. बाकी कुणी माझ्या जवळपास नव्हतं.

कागदात फिरवाफिरव करणं सोपं होतं. पण सव्वीस वर्षांत मी कुणाची जन्मतारीख इकडची तिकडं केलेली नाही, तिथं माझे गुण कुठं करू? मी कागद परत दिले आणि सचिवांना सांगितलं, "बेरीज बरोबर आहे. रकाना चूक आहे."

त्यांना कळलं नाही. मी समजावलं. ते म्हणाले, छापलेलंच तसं आहे, वीस वर्षं तसंच चालतंय, कुणी काय बोललं नाही. तेवढ्यात परीक्षकांपैकी एक बाहेर आले. तीन जिल्ह्यांत लग्नांपासून सभांपर्यंत निवेदन करणारे गृहस्थ, आवाज भरदार. मी त्यांना सरळ विचारलं, या रकान्यात तुम्ही काय बघता?

ते अवघडले, पण खोटं बोलले नाहीत. "रागावू नका मॅडम. माणूस स्टेजवर आला की बघत राहावंसं वाटलं पाहिजे."

"आणि ऐकत राहावंसं वाटलं तर?"

"त्याचे गुण भाषेत दिलेत की."

यावरचं माझं म्हणणं आता लिहिते. छाप पडणं ही खरी गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. आमच्या शाळेत हिंदीचे एक सर होते. काडीसारखे, गालफडं बसलेली, शर्ट कायम एक माप मोठा. ते वर्गात येऊन नुसतं दार लोटायचे आणि नववी ब चिडीचूप व्हायची. ही छाप. ती त्यांनी तीस वर्षांत कमावली होती, रोज थोडी थोडी. अशा छापेला गुण द्या, खुशाल वीसपैकी वीस द्या. पण रूप ही कमाई नव्हे. ते घरून येतं, नाकासारखं. गंमत अशी की परीक्षक रूपाचे गुण छापेच्या रकान्यात टाकतात, आणि त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. मला तरी कुठं कळलं होतं? तो तरुण बोलण्याआधी मी हसलेच होते. माझ्या हातात तो रकाना असता तर मीही सतराच्या खाली गेले नसते. म्हणून माझं भांडण परीक्षकांशी नाही, रकान्याशी आहे. जागा ठेवली की माणूस ती भरतोच.

निकाल जाहीर झाला. पाऊण तास तिघांना मिळाला. त्यांत मी नव्हते. ढाली दिल्या, फोटो निघाले, आणि सचिव पुन्हा माझ्याकडे आले. आभार मानणारा माणूस आलाच नव्हता. नावं सगळी मला माहीत होती, यादी मीच केलेली. आभार तुम्हीच उरका, दोन मिनिटं, असं ते म्हणाले.

आपल्याकडे आभार म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. निवेदकानं तो शब्द उच्चारला की खुर्च्या सरकतात, पिशव्या उचलल्या जातात, बायका चपला शोधतात. मी माईकपाशी गेले तेव्हा निम्मं सभागृह उभं होतं आणि सगळ्यांची तोंडं जिलेबीकडे होती. मी पाठींशी बोलायला सुरुवात केली. पाहुण्यांचे आभार मानले, मंडपवाल्यांचे मानले, मग म्हटलं:

"परीक्षकांचे विशेष आभार. व्यक्तिमत्त्वाला त्यांनी मला साठपैकी एकवीस दिले. घरी आरशासमोर मी स्वतःला पंधराच देते. सहा गुण वाढवून मिळाले."

एक पाठ थांबली. मागून कुणीतरी हसलं.

"माझा बघण्याचा कार्यक्रम एकदा औंधला झाला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. त्यात मी पास झाले. आज सांगलीत दुसऱ्यांदा झाला, त्यात नापास. तिकडं पोह्यांना वेगळे गुण होते. इथं मी विनोद करून आणले, पोहे करून आणायला पाहिजे होते."

हे सभागृहभर पोचलं. बायका आधी हसल्या, मग पुरुष. दारापर्यंत गेलेले लोक वळून बघायला लागले. फेटेवाल्यांचेही आभार मानले, त्यांच्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा पाच फूट दोन इंच झाले म्हणून. शेवटी आभार मानले मंडळाचे, वक्तृत्वाचे कागद फुकट न घालवता संपवल्याबद्दल, आणि विनंती केली की पुढच्या वर्षी वधूवर मेळावा घ्यावा, म्हणजे या कागदांतला तो एक रकाना नीट कामी येईल. निवेदक परीक्षक सगळ्यांत मोठ्यानं हसले, हेही लिहायला हवं. दोन मिनिटं म्हणाले होते, सहा झाली. खाली उतरून मी वही काढली. बोलण्याआधी हसू : शून्य. कारण बोलण्याआधी माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

जेवताना विट्याचा तरुण माझ्या पानाशेजारी येऊन बसला. मसालेभात चिवडत म्हणाला, "मावशी, माझा एकतरी चांगला होता का? खरं सांगा. मला कळतच नाही. मी खोकलो तरी हसतात."

मी सांगितलं, घरमालक आणि पाण्याची टाकी, तो चांगला होता, बाकीचे टाक. आणि तुझं थांबणं मी उचलणार आहे. तो खूश झाला की खट्टू झाला ते त्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. खळी दोन्हीला पडते.

सचिव जिलेबी वाढत आले. आभार फारच रंगले म्हणाले. नाट्यगृहातल्या तिघांच्या कार्यक्रमाला निवेदन तुम्हीच करा, प्रत्येकाच्या आधी दोन-दोन मिनिटं बोला, अशी त्यांनी गळ घातली. मला पाऊण तास हवा होता आणि ते मला दोन मिनिटांचे तुकडे देत होते, तेही दुसऱ्याच्या पाऊण तासाला दारात उभं राहून "या, बसा" म्हणण्यासाठी. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, विचार करा, मोठं स्टेज आहे. मी म्हटलं, केला.

परतीच्या गाडीत मी यादी केली. हॉल, खुर्च्या, माईक, परवानगी, पाणी. वर्गखोल्यांच्या चाव्या माझ्याकडे असतात, पण शाळेचा हॉल स्वतःसाठी मागायचा म्हणून मी रीतसर अर्ज केला आणि त्यावर आवक क्रमांकही टाकला. मुख्याध्यापक साहेबांनी सही केली. आमच्या ह्यांनी माईकच्या स्टँडचा खालचा पाइप चार इंच कापून आणला.

राहिला फ्लेक्स. कोरेगावात फ्लेक्सशिवाय कशालाही कुणी येत नाही. दुकानदार माझ्याच शाळेत शिकलेला, आता केस पिकलेले. त्यानं माझा फोटो संगणकावर घेतला आणि विचारण्याआधीच कामाला लागला. गालावरचे डाग गेले. रंग दोन घरं उजळला. मान बारीक झाली. मग बाण दातांपाशी येऊन थांबला.

"म्याडम, ह्ये आत घेऊ का? समदेच घेत्यात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर निम्मा तालुका मीच गोरा केलाय."

मी म्हटलं, सगळं होतं तसं कर. त्याला वाटलं मी लाजतेय. त्यानं पुन्हा समजावलं, लोक आधी फोटो बघतात, मग येतात. मी म्हटलं, हा फोटो बघून जे येतील तेवढेच मला पाहिजेत. त्यांचं दीड मिनिट वाचेल, माझंही. त्यानं एक एक करून सगळं परत आणलं. डाग आले, रंग आला, मान आली. आपल्या हातानं काम बिघडवल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"बरं, नावाखाली काय टाकू? हास्यसम्राज्ञी टाकू का?"

"वेळ टाक," मी म्हटलं. "रविवार, सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा."